मेफ्लॉवरचा समुद्रप्रवास चित्रित करताना: तारखांपासून वादळापर्यंत, टप्प्याटप्प्याने

समुद्र ओलांडून नव्या मुलखात वस्ती करायला निघालेल्या माणसांवर ऐतिहासिक चित्रपट करायचा ठरला, की बहुतेक मंडळी आधी दोन गोष्टींच्या मागे लागतात: लांबून दिसणारं शिडाचं जहाज आणि वादळ. बजेट तिथेच संपतं. मग डेकखालचे प्रसंग, म्हणजे जवळजवळ सगळा चित्रपट, दोन प्लायच्या भिंतींपुढे उरकावे लागतात. क्रम नेमका उलटा हवा. खालचा सगळा आराखडा 1620 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्यांना नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाचा आहे. तो अशा युनिटसाठी आहे, ज्यांच्याकडे खरं जहाज नाही, पाण्याची मोठी टाकी नाही, पण एक शेड आणि बरा सुतार आहे.

## टप्पा 1: तारखांचा तक्ता, पटकथेच्या आधी

इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. आजच्या दिनदर्शिकेपेक्षा ती 10 दिवस मागे. काही ठिकाणी जुनी तारीख सापडते, काही ठिकाणी नवी, आणि दोन्ही मिसळल्या की प्रवास दहा दिवसांनी लांबतो किंवा आखडतो. तक्त्यात दोन रकाने करा आणि पटकथेत एकच वापरा. जुन्या तारखा अशा:

- 5 ऑगस्ट: मेफ्लॉवर आणि स्पीडवेल ही दोन जहाजं साउथॅम्प्टनहून निघाली.
- स्पीडवेल गळू लागलं म्हणून दोन्ही डार्टमथला थांबली. दुरुस्ती करून पुन्हा निघाली, पुन्हा गळती, पुन्हा माघार. या वेळी इंग्लंडमधल्याच प्लिमथला. स्पीडवेल सोडून दिलं. काहींनी बेत रद्द केला, बाकीचे मेफ्लॉवरवर चढले.
- 6 सप्टेंबर: एकटं मेफ्लॉवर प्लिमथहून निघालं. प्रवासी 102.
- 9 नोव्हेंबर: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडचा किनारा दिसला. दक्षिणेला हडसन नदीच्या मुखाकडे जाण्याचा प्रयत्न उथळ पाण्यामुळे सोडावा लागला.
- 11 नोव्हेंबर: केप कॉडच्या टोकाशी, आजच्या प्रॉव्हिन्सटाउनला, नांगर टाकला. त्याच दिवशी 41 पुरुषांनी, वसाहतीचा कारभार मिळून चालवण्याच्या करारावर सह्या केल्या.

नेहमीची चूक: सप्टेंबरची निघण्याची वेळ ताज्या चेहऱ्यांनी, उत्साहात दाखवणं. ही माणसं महिनाभर दोन बंदरांत अडकली होती आणि वाटेसाठी भरलेली शिधासामग्री तिथेच खात होती. देणी भागवण्यासाठी साउथॅम्प्टनलाच लोण्याची साठ-ऐंशी पिंपं विकावी लागली होती. त्यामुळे प्लिमथच्या दृश्यात मेकअप थकलेला हवा, कपडे मळलेले हवेत, आणि संवादांत पैशांची चिडचिड हवी.

तपासा: प्रत्येक सीनच्या माथ्यावर समुद्रातला दिवस लिहिलाय का? 'दिवस 1' ते 'दिवस 66'. दाढी, कपडे, शिधा, सगळ्यांची कंटिन्युइटी याच आकड्यावर चालणार.

## टप्पा 2: जागेचा हिशोब आणि पात्रं

मेफ्लॉवर सुमारे 180 टन मालाचं व्यापारी जहाज. लांबी अंदाजे 100 फूट, रुंदी 25. त्याचा मूळ नकाशा आज उपलब्ध नाही. 1957 साली इंग्लंडहून अमेरिकेला नेलेली प्रतिकृतीसुद्धा त्या काळच्या इतर जहाजांवरून बेतलेली आहे. तेव्हा कला दिग्दर्शकाला 'अगदी तंतोतंत' करायला सांगून हैराण करू नका. प्रमाण सांभाळलं तर पुष्कळ झालं.

प्रवासी राहत होते ते तोफांच्या डेकवर: वर उघडा डेक, खाली मालाचं कोठार, मध्ये हे. उंची जेमतेम साडेपाच फूट, तुळयांखाली त्याहून कमी. त्यातच एक छोटी होडी सुटी करून ठेवलेली होती आणि काहीजण तिच्यातच झोपायचे. ही होडी सेटवर जरूर आणा. गर्दी दाखवण्याचं आयतं साधन आहे, आणि तिच्या फळ्यांआडून कॅमेरा छान लपतो.

102 माणसं कास्ट करण्याची गरज नाही. छत इतकं खाली असलं की फ्रेममध्ये 22 ते 26 माणसं खच्चून भरतात. त्यांची वाटणी मात्र विचार करून करा. प्रौढ स्त्रिया 18 होत्या, त्यांतल्या तिघी गरोदर, मुलं पुष्कळ. साधारण निम्मे हॉलंडमधल्या लायडनहून आलेल्या धर्ममंडळाचे आणि त्यांच्या घरचे, उरलेले लंडनच्या व्यापाऱ्यांनी जमवलेले. शिवाय नोकर आणि वेगळेच तीसेक खलाशी. सगळ्यांना एकाच छापाचे भाविक केलंत तर करारावरच्या सह्यांचा प्रसंग कोरडा होतो. कराराची गरजच मुळी या दोन गटांच्या कुरबुरीतून निर्माण झाली.

## टप्पा 3: सेट

मुख्य सेट 24 फूट लांब, 16 फूट रुंद पुरेसा. लांबीच्या टोकाला गोणपाटाचे पडदे आणि फळ्यांचे आडोसे लावा. प्रवाशांनी खासगीपणासाठी असे कप्पे केलेलेच होते, आणि त्यापलीकडचा सेट नाही हे कळत नाही.

1. जमिनीवर लोखंडी चौकटीचा 1 फूट उंच प्लॅटफॉर्म. केबल, पाण्याची ट्रे, दोऱ्या सगळं त्याखालून.
2. दर 4 फुटांवर तुळई: 6 एमएम प्लायची पोकळ पेटी, 8 इंच बाय 8 इंच. तिच्या खालच्या बाजूला ईव्हीए (मऊ, रबरासारखा) फोम चिकटवून त्यावर रंग. डोकी आपटणार, ती आपटू देणं हाच अभिनय आहे. टाके पडू नयेत एवढंच.
3. छताचे तुकडे 4 बाय 2 फुटांचे, सुटे. एका माणसाला उचलून काढता आले पाहिजेत, कारण प्रत्येक सेटअपला दोन-तीन काढावे लागतात.
4. बाजूच्या भिंती किंचित आत झुकलेल्या. सरळ उभी भिंत आली की जहाजाची खोली वाटते ती चाळीतली खोली होते.
5. मध्यभागी झडप, जाळीची. दिवसाचा सगळा उजेड तिथूनच.

नेहमीची चूक: कॅमेरामनच्या सोयीसाठी छत सात फुटांवर नेणं. एकदा माणसं ताठ उभी राहून बोलू लागली की प्रवास हरवलाच. छत खालीच ठेवा, काढा हवं तर.

सावध: मेणबत्त्या खऱ्या लावू नका. गोणपाट, डांबराचा रंग आणि 25 माणसं एका बुटक्या खोलीत. एलईडी फ्लिकर दिवे 1900 केल्व्हिनच्या आसपास ठेवा, त्यांना पिवळट पारदर्शक शीट लावा. त्या काळी कंदिलाला काचेऐवजी शिंगाचे पातळ तुकडे असत, तो परिणाम याने मिळतो. कडेला दोन अग्निशामक आणि बाहेर पडायच्या दोन वाटा शूटच्या आधी सगळ्यांना दाखवा.

## टप्पा 4: हेलकावा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट वेग. या रुंदीचं जहाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलून परत यायला साधारण 6 ते 8 सेकंद घेतं. हौशी शूटमध्ये कॅमेरा दोन-तीन सेकंदांत हलवतात आणि जहाजाची जीप होते. शांत समुद्रात कल 3-4 अंश, खवळलेल्यात 8 ते 10. त्याहून जास्त सतत दाखवलं तर प्रेक्षकालाच मळमळेल.

दुसरी गोष्ट पद्धत. 25 माणसांसकट सेट हलवण्याचा विचार सोडा. माणसांचंच वजन दीड टनाच्या वर जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय असा प्लॅटफॉर्म कुणी उभारू नये. सेट स्थिर, कॅमेरा कलता, हेच परवडतं. पण नुसता कॅमेरा कलवला तर फसवणूक लगेच उघडी पडते: छताला टांगलेला कंदील सेटबरोबरच कललेला दिसतो. खऱ्या जहाजात जहाज कलतं आणि कंदील सरळ लोंबतो. म्हणून:

1. कंदिलाच्या बुडाला दोन बाजूंनी बारीक नायलॉन दोरी, मासेमारीची चालेल. दोन्ही टोकं सेटबाहेर एकाच माणसाच्या हातात.
2. कॅमेऱ्याचा माथा उजवीकडे कलला की कंदिलाचं बूड डावीकडे ओढायचं, तेवढ्याच अंशांनी. फ्रेममध्ये कंदील सरळ दिसतो, भिंती कललेल्या.
3. नटांची डोकी कॅमेऱ्याच्या माथ्याच्याच बाजूला झुकली पाहिजेत. म्हणजे फ्रेममध्ये ते चढाच्या बाजूला रेलतात, जसं कुणीही रेलेल. उलट झुकले की सगळा गट पडतोय असं वाटतं.
4. कल तोंडाने मोजून सांगू नका. ध्वनिमुद्रण खराब होतं. कॅमेऱ्याच्या मागे छोटा दिवा ठेवा, 7 सेकंदांच्या लयीत मंद-तेज होणारा. कॅमेरा, दोरीवाला, नट सगळे त्याच्याकडे बघून.
5. भांड्यातलं पाणी किंवा बिअर दिसू देऊ नका. स्थिर सेटवर त्याची पातळी भांड्याच्या काठाला समांतरच राहणार, आणि जाणकार नजर पहिली तिथे जाते. नटाने पेला हातात घेऊन स्वतः कलवला तर चालतं.

प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा कलवूच नका. सलग तीन-चार शॉट कॅमेरा स्थिर ठेवून फक्त कंदील झुलवा, माणसं रेलू द्या. डोळा उरलेलं स्वतः भरतो.

तपासा: पहिल्या दिवशी एकच मिनिटाचा टेस्ट शॉट घ्या, आवाज बंद करून दहा जणांना दाखवा. कुणी 'कॅमेरा हलतोय' म्हणालं तर वेग कमी करा. 'जहाज हलतंय' म्हणालं तर पुढे जा.

## टप्पा 5: काळाशी विसंगत वस्तू सेटवरून हाकला

कला विभागाची यादी वेगळी होईलच. पण या गोष्टी हमखास घुसतात:

सुकाणूचं चाक. ते पुढच्या शतकात आलं. 1620 मध्ये सुकाणूच्या दांड्याला जोडलेला एक उभा दांडा असायचा. सुकाणूवाला डेकखाली उभा राहून तो डाव्या-उजव्या बाजूला ढकलायचा आणि त्याला समुद्र नीट दिसतही नसे. वरून ओरडून दिशा सांगितली जायची. चाकाशी उभा राहून वाऱ्यात केस उडवणारा कप्तान क्रिस्टोफर जोन्स विसरा. त्याऐवजी न दिसणाऱ्या समुद्रात हुकूम पाळणारा माणूस मिळतो, जो नाट्यासाठी कितीतरी बरा.

आजचा ब्रिटिश झेंडा. त्यातला तिरका लाल फुलीचा भाग 1801 ला जोडला गेला. 1606 नंतरचा इंग्लंड-स्कॉटलंडचा जोडझेंडा आणि सेंट जॉर्जचा पांढऱ्यावर लाल क्रूस, एवढंच.

सेक्स्टंट आणि दुर्बीण. सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं यंत्र, अठराव्या शतकातलं. दुर्बीण हॉलंडमध्ये 1608 ला आली होती, पण अशा मालवाहू जहाजावर ती न दाखवणंच शहाणपणाचं. क्रॉस-स्टाफ (त्याच कामाची साधी काठी), होकायंत्र, अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ, खोली मोजायची शिशाची दोरी आणि वेग मोजायची गाठींची दोरी द्या.

काळे कपडे, बक्कल लावलेल्या टोप्या. ही नंतरच्या चित्रांची देणगी. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड वारला तेव्हाच्या मालयादीत लाल बंडी आणि जांभळा झगा आहे. रोजच्या कपड्यांत तपकिरी, हिरवा, निळा, गंजासारखा तांबडा रंग वापरा. जाड लोकर आणि तागाचं कापड.

खाणं: कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, वाटाणे, सुके मासे, चीज, बिअर. बटाटा नाही, चहा नाही, काटे नाहीत. लहान मुलंही हलकी बिअर पीत. निर्माते दचकतात, पण खरं तेच आहे.

हाच सेट पुढे मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटिया मजुरांवरच्या चित्रपटासाठी वापरायचा मोह होईल. तो काळ एकोणिसाव्या शतकाचा. तिथे चाकही हवं, नवा झेंडाही हवा आणि छतही वेगळं. सांगाडा वापरा, डोळे झाकून सजावट वापरू नका.

## टप्पा 6: वादळाचा वेगळा तुकडा

मुख्य सेटवर पाणी ओतलं की प्लाय फुगते आणि दुसऱ्या दिवशी फळ्यांचे सांधे उघडे पडतात. वादळासाठी 8 बाय 8 फुटांचा वेगळा तुकडा मरीन प्लायमध्ये बनवा: एक तुळई, एक झडप, अर्धी भिंत. खाली ताडपत्रीची ट्रे, पंप, आणि पाणी परत वर नेणारा पाइप.

1. आधी थेंब: छताच्या फटींमधून ठिबकनळी. वादळात वरचा डेक गळू लागला होता. पहिली भीती तीच.
2. मग झडपेतून लोट. 200 लिटरचं पिंप म्हणजे 200 किलो वजन. ते अंगावर सरळ सोडायचं नाही; उतरत्या फळीवरून घरंगळू द्यायचं. आधी 40-50 लिटरची तालीम, नटाशिवाय. मुलांवर अजिबात नाही.
3. पाणी कोमट. ओली लोकर अंगावर घेऊन नट फार वेळ गार पाण्यात टिकत नाही.
4. प्रत्येक पात्राचे तीन सारखे कपडे: कोरडे, दमट, भिजलेले. दोनच केलेत तर रीटेकला अख्खं युनिट हेअर ड्रायरभोवती बसतं.

सावध: ओल्या सेटची वीज वेगळ्या लाइनवर, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून. जोड जमिनीवर नकोत, टांगलेले हवेत.

प्रसंगांचा तपशील चुकवू नका. जोराच्या वादळात हे जहाज शिडं उतरवून दिवसचे दिवस तसंच वाहू दिलं जायचं. वादळात सगळी शिडं ताणलेली दाखवणं ही जवळजवळ प्रत्येक ट्रेलरमधली चूक आहे. मधली एक मुख्य तुळई वाकून तडकली. प्रवाशांनी हॉलंडहून आणलेल्या मोठ्या लोखंडी स्क्रूने ती वर रेटली आणि खाली खांब ठोकून टेकवली. हा प्रसंग शूट करताना क्रम असा: तडकण्याचा आवाज, वरून पाण्याची धार, स्क्रू आणायला माणसं, स्क्रू फिरवणं, तुळई इंच-इंच वर, मग खांब. आधी खांब दाखवला की स्क्रूचं कामच उरत नाही.

जॉन हाउलंड नावाचा तरुण नोकर वर गेला आणि लाटेने समुद्रात पडला. बाहेर लोंबणारी शिडाची दोरी त्याच्या हाती लागली, त्याला ओढून बोटीच्या आकड्याने वर घेतलं. हे समुद्रात शूट करायला जाऊ नका. दोरी, ओला नट, काळी पार्श्वभूमी आणि वरून पाणी. हार्नेस झग्याखाली, आणि दोरीवर फाइट मास्टरचा माणूस. फ्रेम घट्ट ठेवली तर बाकीचा समुद्र आवाजातून येतो.

## टप्पा 7: समुद्राच्या प्लेट्स

मागे जोडायचा समुद्र वेगळा घ्यावा लागतो. उत्तर अटलांटिकचा करडा समुद्र हवा असेल तर कोकणात जून-जुलैचं आभाळ कामाला येतं. त्या दोन महिन्यांत मासेमारीची बंदी असते, होड्यांतून जायचं नाही, जेटीवरून घ्या. जेटी पाण्यापासून 4 ते 6 मीटर उंच असली तर चांगलं, कारण जहाजाच्या डेकवरून माणसाची नजर साधारण तिथेच असते. किल्ल्याच्या बुरुजावरून घेतलेली प्लेट सुंदर दिसते, पण लाटा वरून दिसतात आणि डेकच्या शॉटशी जुळत नाहीत. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरच येतं, हे व्हीएफएक्सवाल्याला लिहून द्या. आणि कडेला माड येत नाही ना, एवढं बघा.

## टप्पा 8: शूटचा क्रम

दाढी आणि ओल या दोन गोष्टी क्रम ठरवतात. नटांना शूटआधी चार-पाच आठवडे दाढी वाढवायला सांगा. मग:

1. केप कॉडचे प्रसंग, लांब दाढी.
2. दाढी अर्धी कापून समुद्रातले कोरडे प्रसंग. ऐन प्रवासात हॉपकिन्स कुटुंबात मूल जन्मलं, त्याचं नाव ओशियानस ठेवलं. लहान बाळाचे शॉट इथे, सकाळच्या पहिल्या तासात.
3. त्याच दाढीत वादळाचा ओला तुकडा.
4. शेवटी दाढी काढून साउथॅम्प्टन आणि प्लिमथ.

मृत्यू मोजून ठेवा. प्रवासात एक प्रवासी गेला, विल्यम बटन हा तरुण नोकर, किनारा दिसण्याच्या तीन दिवस आधी. त्याच्याआधी एक खलाशी. खरी पडझड पहिल्या हिवाळ्यात झाली, जवळपास निम्मे गेले. समुद्रातच प्रेतांची रांग लावली तर पुढच्या भागाला काही उरत नाही.

## टप्पा 9: उतरणं

अमेरिकेत वसवलेल्या नव्या प्लिमथच्या खडकावर पहिलं पाऊल ठेवल्याचं दृश्य टाळा. त्या खडकाचा उल्लेख 1741 च्या सुमारास येतो, आणि प्रवासी पहिल्यांदा उतरले केप कॉडला. ओंडक्यांच्या झोपड्याही नकोत. चौकट, फळ्या आणि गवताचं छप्पर हवं.

जमीन ओसाड दाखवणं ही यातली सगळ्यात जड चूक. ज्या जागी हे प्लिमथ वसलं तिथे वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचं पटुक्सेट गाव होतं, साथीत काही वर्षांपूर्वी उजाड झालेलं. केप कॉडवर नुकत्याच उतरलेल्या प्रवाशांच्या टोळ्यांनी तिथल्या लोकांनी पुरून ठेवलेलं मक्याचं बी उकरून नेलं, थडगीही उघडली. हे प्रसंग कापले तर मार्च 1621 मध्ये समोसेट नावाचा मूळ रहिवासी इंग्रजी बोलत वस्तीत शिरतो तेव्हा प्रेक्षकाला वाटतं की तो आभाळातून पडला. वेशभूषेत गवताळ मैदानी प्रदेशातल्या टोळ्यांचे पिसांचे मुकुट नकोत. हरणाचं कातडं, थंडीत फरचं पांघरूण.

## टप्पा 10: ध्वनी

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचा आवाज खोल समुद्रात लावू नका. तिथे लाट किनाऱ्यासारखी फुटत नाही, लाकडावर थाडकन आदळते आणि घासत जाते. मोठ्या टबात फळी धरून पाण्याचे फटके रेकॉर्ड करा, मग वेग निम्मा करा. तुळयांची करकर दर हेलकाव्याला, म्हणजे 6-8 सेकंदांनी, थोडी पुढेमागे. वर पंपाचा खटखटाट आणि अर्ध्या तासाची घंटा; चार तासांच्या पाळीला आठ टोल.

किनाऱ्याजवळचे समुद्रपक्षी पहिल्या दोन दिवसांत आणि नंतर थेट केप कॉडजवळ. मधल्या दोन महिन्यांत त्यांची एकही किंचाळी नको. ध्वनिपट्टी तपासताना 'दिवस 3' ते 'दिवस 60' चे सीन सलग लावा, डोळे मिटून ऐका, आणि जिथे पक्षी ओरडेल तिथली ट्रॅक काढून टाका.